तफावत

कोलशेतच्या खाडीकडेला सकाळी साडेनऊला आम्ही सातजण:
तहसीलचे दोघे, महापालिकेचे तिघे,
मी, भूमी अभिलेखची मोजणीदार,
आणि नथू शिपाई, खांद्यावर तिपाई.
ओहोटी लागली होती. चिखल तापायला लागला होता.

सातबाऱ्यावर मालक: महाराष्ट्र शासन.
क्षेत्र: शून्य हेक्टर, बेचाळीस आर, तीस.
शेरा: पड.
'पड' या शब्दावर पदीबाई तरे सुकट वाळत घालत होत्या.

यंत्र उभं केलं, बुडबुडा मधोमध आणला.
पूर्वेचा दगड घाणेरीच्या जाळीत सापडला, बाणाची खूण शाबूत.
दक्षिणेचा कुणाच्या तरी न्हाणीची पायरी झालेला,
वर साबणाची वडी, ओली.
पश्चिमेला दगड नाही, बावीस मजले आहेत.
त्यांची सावली दुपारी तीननंतर सरकारी जमिनीत शिरते;
सावलीला नोटीस काढता येत नाही.
उत्तरेला जुन्या नकाशात, टाकाच्या अक्षरात, नुसतं
'खाडी'.
भरतीची की ओहोटीची?
लिहिणाऱ्याला जेवायला उशीर होत असावा.

क्षेत्र आलं एकेचाळीस ऐंशी.
अर्धा आर कमी.
पुन्हा मोजलं. तेवढाच कमी.
महापालिकेचे पाध्ये म्हणाले, कमी कसं घ्यायचं, ऑडिट आहे.
अव्वल कारकून म्हणाले, कमी कसं द्यायचं, आदेशात बेचाळीस तीस आहे.
मग दोघंही माझ्याकडे बघू लागले,
जणू अर्धा आर माझ्या पर्समध्ये होता.

पदीबाई उठल्या. गुडघ्यांवरची माती झटकली.
"त्यो तुकरा? त्यो कवाच खारीन गेला.
माजे घोवाची होरी बांदाची, त्यो खुटा पन गेला."
कुठल्या साली?
"गावान लाइट आली ना, तवा."
रकाना चार आकड्यांचा होता.

इथं उद्यान होणार, पाध्यांनी सांगितलं, बाकं, झोपाळे.
"मंग आथा सुकट कोनाला इचारून घालू?"
आजवर कुणाला विचारत होतात?
"कोनालाच नाय."
यावर कुणाकडे परिपत्रक नव्हतं.

ताबा द्यायची वेळ आली तेव्हा हातात द्यायला काहीच नव्हतं.
किल्ली नाही, कुलूप नाही, दार तर नाहीच.
अव्वल कारकुनांनी पेन पुढं केलं.
पाध्यांनी सही केली आणि पेन परत दिलं.
जमीन जागची हलली नाही.
झोपडीमागचा कोंबडाही.

पंच दोन लागतात. एक पानवाला मिळाला.
दुसऱ्या म्हणून पदीबाईंनीच अंगठा दिला,
तिन्ही प्रतींवर, दाबून.
एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल, एक आयुक्तांकडे,
तिसरी माझ्या टेबलावर आहे; पंख्याखाली अजून वास येतो.

सहा वाजून गेलेत. नथू खिडक्या लावतोय.
तफावत: अर्धा आर.
कारण:
समुद्रसपाटी लिहिलं, खोडलं.
धूप लिहिलं. तेही खोडलं.
मग सरळ, आमच्या कचेरीच्या भाषेत:
'उत्तरेस खाडी. समक्ष पाहणी केली.
खुटा आढळून आला नाही.'