रिकामी वाटी

नंदेसरीत मला फणसेबेन म्हणतात.
दांडिया बाजारातून पावणेआठची बस, पुढे शेअर रिक्षा,
पिशवीत डबा, लिटमसच्या पट्ट्या
आणि लाल पुठ्ठ्याची वही.
प्रत्येक फाटकावर प्रश्न एकच:
तुमच्याकडे उरतं काय?

वॉचमन म्हणतो, काही नाही.
मॅनेजर म्हणतो, काहीच नाही, सगळं नियमात.
मागच्या कुंपणाशी मात्र माती पिवळी,
हळद लागलेल्या हातासारखी,
आणि गवत फक्त रस्त्याच्या बाजूला.

लहानपणी आमच्या बोळात बोहारीण यायची.
पँटचा गुडघा उन्हाकडे धरून बघायची,
अख्खं कापड किती, विरलेलं किती,
मग टोपलीतून एक पेला काढायची, परत ठेवायची,
त्याहून लहान काढायची.
मीही बाटली तशीच उन्हाकडे धरते.

प्लॉट एकशे सोळा. अमीनसाहेबांचा रंगाचा कारखाना.
दिवसाला चार टन वापरलेलं गंधकाम्ल,
ते चुना घालून मारायचं,
चिखल ट्रकनं दूर नेऊन पुरायचा.
पुरायचेही पैसे.

प्लॉट एकशे सतरा. मोईझभाईंची तुरटी.
दिवसाला तीन टन गंधकाम्ल
भरूचकडून टँकरनं, रोखीनं.

मधे नऊ इंची भिंत.
बावीस वर्षं.
भिंतीवर काचा आधी कोणी लावल्या
यावरून दोघांचं बोलणं बंद.

मी वहीत एक बाण काढला.
बाणाला अर्धं मिनिट लागलं,
मंडळाच्या परवानगीला चौदा महिने,
आणि अमीनसाहेबांना स्वतःच्या भिंतीपर्यंत चालत यायला
त्याहून थोडं जास्त.

पहिल्या खेपेची तुरटी गुलाबी निघाली.
मोईझभाई हसले नाहीत. म्हणाले,
बेन, ही पाण्यात टाकायची असते, वरातीत नाही.
घरी आले, कुकर लावला,
शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या.
भाताचा लगदा झाला. त्याचे मी सांडगे घातले,
सवयच तशी.

मग कोळशाचा थर, एक जादा टाकी,
आणि रात्रपाळीचा भूपत,
जो दर घाण्याला काचेची नळी
ट्यूबलाइटसमोर धरून सांगायचा,
हजी नहीं.
हजी नहीं, बेन.
एका पहाटे फोन आला. नुसतं म्हणाला,
पाणी जेवुं.

आता भिंतीला भोक आहे आणि भोकातून नळ.
महिन्याच्या शेवटी मोईझभाई
तुरटीच्या वीस गोणी पलीकडे पाठवतात,
अमीनसाहेबांच्या सांडपाण्यातला रंग खाली बसावा म्हणून.
बिल नाही. करारात नाही. मी सुचवलेलंही नाही.
आमच्यात शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत,
निदान चिमूटभर साखर.
त्यांच्यातही करत नसावेत.

काचा अजून आहेत. त्यांवर कोणी बोलत नाही.

सगळंच जुळतं असं समजू नका.
राखेला वीटभट्टी मिळाली, वाफेला शेजारची लाँड्री,
पण प्लॉट चाळीसचं काळं डांबर कोणाला नको आहे.
तीनशे चार पिंपं, ताडपत्रीखाली.
वहीत त्या पानावर बाण नाही,
तारखाच आहेत, विचारलं त्या दिवसांच्या.
आणि नाल्यावरच्या पुलावर रिक्षा हळू होते
तेव्हा दिसतो तो पाण्याचा रंग
मी अजून कुठेच लिहिलेला नाही.
कोणत्या प्लॉटच्या नावावर लिहू?

परवा एका फाटकावर नवा पोरगा होता,
मिशी नुकतीच फुटलेली.
मी विचारायच्या आत त्यानंच विचारलं,
बेन, तुमच्याकडे उरतं काय?

निवृत्तीला सतरा महिने, म्हटलं,
आणि पिंपं तीनशे चार.
उघड फाटक.