अडीच वीत

डंडी. जानेवारी. चार वाजताच अंधार.
दहा इंची लॅपटॉप, बिजागरीला चिकटपट्टी,
पेन ड्राइव्हमधून नवी सिस्टिम घेतोय
आजाऱ्यानं पेज प्यावी तशी.

काल याला सगळं येत होतं.
आज विचारतो, देश कुठला, भाषा कुठली,
आणि तुम्हाला हाक काय मारू?
मी इथे कुणालाच माहीत नसलेलं
घरचं नाव टाकून देते: छकुली.

वायफायला ड्रायव्हर नाही.
ड्रायव्हर नेटवर. नेटला वायफाय हवं.
वेड गेल्याशिवाय लग्न नाही,
लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही.

शेवटी खालच्या मिसेस गिलख्रिस्टची बेल.
मागचं-पुढचं न विचारता त्यांनी
राउटरची पिवळी वायर जिन्यातून वर सोडली.
माझ्या दाराला अडीच वीत कमी पडली.

म्हणून मी पायरीवर, मांडीवर हे तान्हं,
त्या दोन पायऱ्या खाली, चहाचा मग धरून.
नव्वद टक्क्यांवर अडलं.
दोघी गप्प, उगाच हलायला नको.

मग आवाजाचा ड्रायव्हर बसला
आणि जिनाभर टिंग.

वर येऊन, चष्मा सावरत
त्यांनी पडद्यावरचं स्वागत वाचलं:
"चाकूली? ही कोण?"

मीच, म्हटलं.
वायर गुंडाळायला लागले.