चांगल्या बाजूने

मंगळवारी सकाळी साडेआठला
आम्ही सातजण पाण्याच्या टाकीपाशी जमतो.
आधी बुटांचे तळ ब्रशने खरवडायचे,
मग त्यांवर स्पिरिट फवारायचं.
या मातीत मुळं कुजवणारा एक रोग आहे,
तो माणसाच्या पायांनी चालतो.
आत जायचं तर आधी स्वतःच्या पायांचा संशय घ्यावा लागतो.

कुंपणापलीकडे हमरस्ता, पर्थकडे निघालेल्या गाड्या.
अलीकडे बँक्सिया, त्यांची जळकी बोंडं,
आणि वाळू, राखाडी, पिठासारखी,
काहीही टिकू नये अशी.
टिकतं.

पहिल्या दिवशी मी सरळ चालू लागले
जिथे गवत सगळ्यात दाट होतं तिकडे.
विम म्हणाला, तिकडे नाही.
(विम गोदीत वेल्डर होता, हातवारे न करता बोलतो.)
जिथे रान अजून चांगलं आहे तिथून सुरुवात करायची,
वाइटाकडे हळूहळू सरकायचं,
रान मागून जेवढं येईल
तेवढंच आपण पुढे.
"मग ते तिकडचं?"
"ते बघायला मी नसेन,"
आणि माझ्या हातात एक बोथट सुरी दिली, लोणी लावायची.

आज फ्रीझिया.
ऑगस्ट सरताना अख्खा उतार पांढरा होतो,
लोक गाडी थांबवून फोटो काढतात.
एका बाईने विचारलंही, फुलं उपटताय, लाज नाही वाटत?
लॅचलनने उत्तर द्यायला तोंड उघडलं
आणि मिटलं.
वास तर खरंच तसा.

सुरी कंदाखाली घालायची, मातीसकट उचलायचं.
एका कंदाला लसणीच्या पाकळीएवढी दहा पिल्लं,
एक मागे राहिलं की पुढच्या वर्षी पुन्हा तेच.
तण खाई धन, हे शेताला ठीक.
इथलं धन दाखवताना आमची पंचाईत होते:
गुडघ्याएवढी झुडपं, करड्या काड्या,
आणि वाकलात तरच दिसेल असं
कोळ्यासारखे पाय पसरलेलं एक ऑर्किड.

ग्वेनिथ एकोणऐंशीची. बसायला रबरी चटई आणते.
उठताना माणसाचा हात चालत नाही, झाडाचा चालतो.
चहाच्या वेळी थर्मासचं झाकण फिरवता फिरवता
तिने पलीकडचं लाल कौलांचं घर दाखवलं.
आता तिथे दंतवैद्य बसतो.
"आमचं होतं. परसात आईने लावल्या होत्या फ्रीझिया.
टपालाने पुडकं आलं. बारा कंद.
वडील गेले त्या वर्षी.
वाळूत काही म्हणजे काही धरेना, हे धरलं.
रोज संध्याकाळी कुंपणाशी उभी राहून सांगायची,
बघ, पलीकडेही गेल्या."

कोणी बोललं नाही.
वरून काळे काकाकुवे गेले,
गंजलं दार करकरावं तसे ओरडत.

मग ती परत चटईवर बसली.
मी शेजारच्या पट्ट्यात होते म्हणून पाहिलं:
एक रोप उचललं, पिल्लं मोजली, पुटपुटत,
पिशवीत टाकलं.
मग दुसरं.
मग एकदाच हातमोजा काढून नाकाशी धरला.
मी पाहिलं, हे तिने पाहिलं.
"घाम," ती म्हणाली.

बाराला पिशव्या मोजल्या.
विमने वहीत लिहिलं: तारीख, ढगाळ, चौदा.
साफ झाली ती जागा, दोन गाड्या उभ्या राहतील एवढी.
तिच्या कडेला, गेल्या वर्षीच्या पट्ट्यात,
कोणीही न लावलेली
बँक्सियाची दोन पानं, करवतीच्या कडेची.
वाकून बघितली. बोट लावलं नाही.

बूट पुन्हा घासले.
बाहेर जातानाही घासायचे असतात.