आभाळाचं वजन

तंबाखूचं पान मुठीत आवळायचं
आणि कान लावायचा.
करकरलं, तर हवा कोरडी.
बाळगोंडा तोलाऱ्यानं पहिल्या दिवशी
एवढंच शिकवलं.
काट्याच्या खोड्या नंतर.

चैत्र सरत आलेला.
तीन दिवस, रोज दुपारी, चिकोडीच्या अंगाला
ढग उभा राहायचा, तट्ट,
कडा विळ्यासारख्या.
चारच्या सुमाराला त्या उसवायला लागायच्या.
विजापुराकडचं वारं, घशाला कोरड पडलेलं,
त्याला कुशीतून खात जायचं.
एकदा तर पाऊस सुटलेलाही दिसला,
करड्या दशा खाली लोंबत होत्या,
जमिनीला एकही टेकली नाही.
मधल्या हवेनंच पिऊन टाकल्या.
खाली आला नुसता गार धक्का, आणि धूळ.
बिड्या वळणाऱ्या बायकांच्या सुपातला जर्दा उडाला.
काशव्वानं ढगाला कन्नडात शिवी घातली
आणि मराठीत हसली.

रेडिओवर कोल्हापूर आपल्यापुरतं सांगतं,
धारवाड आपल्यापुरतं.
निपाणीची हवा कुणाच्याच तोंडी येत नाही,
म्हणून आम्ही पानाला विचारतो.

चौथ्या दिवशी पान बोललं नाही.
आवळलं, सोडलं,
तर हळूच उलगडलं, ओल्या कातड्यासारखं.
फोंड्याच्या घाटानं रात्रीत कधीतरी
समुद्र चढून आला होता,
डोळ्याला न दिसता.
बाळगोंडानं कालचंच बोद काट्यावर टाकलं.
अडीच किलो जास्त.
"बघ," म्हणाला, "आभाळाचं वजन."

मी दिवसभर त्या अडीच किलोंतच.
एका बोदात एवढं, तर वखारीत किती,
वखारीवरच्या हवेत, पार वेदगंगेपर्यंतच्या?
हे सगळं आता वर जाणार,
वरच्या गारठ्यात थेंब होणार,
थेंब होताना पोटातली ऊब सोडणार,
आणि त्याच उबेवर ढग
आणखी चढणार, चुलीवरच्या दुधासारखा,
फुंकर मारायला घरात कुणी नसताना.

साडेचार वाजले, तो उसवला नाही.
माथा ऐरणीसारखा पसरला,
खालचा रंग शाईचा.
काशव्वानं सूप झाकलं.

पडला मात्र चिकोडीवर, गारांसकट.
आमच्या पत्र्यावर चार थेंब,
मी मोजले.

रात्री वारं फिरलं.
सकाळी तेच बोद पुन्हा काट्यावर.
दोन किलो गेलेले.
"पोचले चिकोडीला," बाळगोंडा म्हणाला,
पेन्सिलीला थुंकी लावली,
आणि वहीत
कालचंच वजन लिहिलं.