चार पानांची वंशावळ

हार्लिंगनच्या धक्क्यामागे, जिथं कोळंबीच्या बोटी
जाळी वाळत घालतात, तिथं आमचा निवारा.
एकोणीस पिंजरे, एक धडधडणारं वॉशिंग मशीन,
आणि मी. बुधवारची आणि शनिवारची.

ती आली तेव्हा मांजर नव्हती,
नमद्याचा गोळा होती.
पोटाखाली केसांच्या अशा गाठी
की पाऊल पुढं टाकलं की कातडी मागं ओढायची.
डॉक्टर रेन्स्केनं भूल देऊन दोन तास भादरलं.
उरलं ते सव्वादोन किलो गुलाबी काहीतरी
आणि वर, तसंच्या तसं केसाळ, एक चपटं तोंड,
आरशावर रुसलेलं.

सोबत कागद मात्र आले होते. चार पानं.
मांजरं पत्र्याच्या शेडमध्ये ठेवणाऱ्यानं
कागद कपाटात ठेवले होते, प्लास्टिकच्या पिशवीत.
काउंटेस एग्लांटीन फान हेट झिल्व्हरमेअर.
बावनकशी पर्शियन.
आईचा बाप दोनदा चॅम्पियन,
एकदा ब्रुसेल्सला, एकदा लियाँला.
पाच वर्षांत सहा वेळा व्याली,
हे कागदावर नव्हतं.
ते पोटावर होतं.

लोक यायचे. पिंजऱ्यापाशी थबकायचे.
"पर्शियन म्हणाला होतात ना?"
मी म्हणायचे, केस येतील, वेळ लागेल.
डोळे मात्र रोज पुसावे लागतील, जन्मभर.
'जन्मभर' ऐकलं की बहुतेकांना
पार्किंगचं मीटर आठवायचं.
तीन आठवडे ती पिंजऱ्याच्या कोपऱ्यात.
कुणाला आडवीसुद्धा गेली नाही.

वीबे फान डर स्लाउस आला तो
साधं मांजर मागायला, उंदीर धरणारं.
बेचाळीस वर्षं पुलावर होता.
बोट आली की पूल उचलायचा,
आणि गळाच्या काठीला लाकडी बूट बांधून
खाली सोडायचा. बोटवाले त्यात जकात टाकायचे.
आता पूल दुसऱ्या गावातून, कॅमेऱ्यावर चालतो.

तो तिच्यासमोर बसला. हात पुढं केला नाही.
मी कागद दाखवले. चष्मा काढून, पुन्हा लावून
त्यानं चारही पानं वाचली.
"बरेच आहेत हिला," म्हणाला.
मग, जणू हवामानाबद्दल बोलावं तसं:
"मी स्लाउसच्या दारापाशी सापडलो. टोपलीत.
कारकुनानं आडनाव तिथल्या तिथंच उचललं."
आणि घरी गेला.

मला वाटलं, गेला.

शनिवारी आला तो काठी घेऊन.
बूट तोच, निळा रंग टाचेपाशी उडालेला,
आत तीन सोललेल्या कोळंब्या.
दारातूनच त्यानं बूट सोडला,
हळू, हळूहळू,
जसा वारा असताना सोडतात.
मशीन धडधडत होतं. मी ते बंद केलं.
चपटं तोंड बुटात शिरलं.
बूट रिकामा वर गेला.
"उलटी जकात," वीबे म्हणाला,
आणि पेन मागितलं.

नोव्हेंबरात मी तपासणीला गेले, नियम आहे तसा.
अंगावर धुरासारखे केस आलेले.
वीबे कोमट पाण्यात कापूस बुडवून
तिचे डोळे पुसत होता आणि पाठ म्हणत होता,
उजवा डोळा आईकडची माणसं,
डावा डोळा बापाकडची,
चॅम्पियनांसकट, एकही नाव न गाळता.
"एवढी नावं या घरात कधी नव्हती," म्हणाला,
"वाया कशाला घालवू?"
मी फॉर्मवर 'घरात माणसं किती'
याच्यापुढं बराच वेळ पेन धरलं.

तो लियाँपर्यंत आला होता
तेव्हा बाहेर भोंगा वाजला.
दोघांनीही मान वळवली.
खिडकीत, कुणीही हात न लावता,
पूल उघडत होता.
डावा डोळा अजून ओला होता.