पेव

हरिपूरच्या वाटेला जमिनीखाली पेवं होती.
वरून काही दिसायचं नाही. माती, दोन बाभळी, एखादी शेळी.
खाली हळद, दोन-दोन, तीन-तीन वर्षं,
कीड नाही, बुरशी नाही, रंग तस्साच.
हवा लागत नाही म्हणून टिकते, सांगायचे तात्या.
तात्या म्हणजे आमच्या अडतीवरचे तोलाईदार.
बाबा म्हणायचे, घरचा माणूस.

मी नऊ वर्षांचा होतो.

इथं एक ओळ होती.
चारदा लिहिली.

आता चव्वेचाळीस.
विश्रामबागेत फ्लॅट, बँकेत कॅशियर.
नोटा मोजताना हात हलत नाही.
न्हाव्यानं न सांगता मागून मान धरली की मात्र
उठतो खुर्चीतून, अर्ध्या दाढीनिशी.
पैसे पूर्ण देतो.
हॉटेलात भिंतीला पाठ लागेल तीच जागा.
रात्री कडी दोनदा बघतो,
मग विनया झोपली की तिसऱ्यांदा.

लग्नात हळद लावायला पाच जणी आल्या.
वाटी नाकाशी आली आणि
मी मोरीत जाऊन ओकलो.
पित्त, म्हणाली आत्या, जागरणं झालीत पोराला.
फोटोत हसतोय मी. पिवळा.
विनयानं पहिल्याच वर्षी विचारलं,
माझं काही चुकतं का?
म्हणालो, बँकेत ऑडिट आहे.
अकरा वर्षं ऑडिट चाललंय.

निहार तान्हा असताना
मी त्याला एकदाही अंघोळ घातली नाही.
माझ्या हातांनी कधी काही केलं नव्हतं.
तरी.
त्याला नववं लागलं तेव्हापासून
पोहण्याच्या क्लासबाहेर गाडीवर बसून असतो, तासभर.
मास्तर भला माणूस आहे, ठाऊक आहे मला.
बाबा, सगळे हसतात, म्हणतो तो.
हसू देत.

पुराच्या साली पेवांत पाणी शिरलं.
हळद कुजली, वास पार नाक्यापर्यंत.
बाबा कपाळाला हात लावून ओट्यावर बसले
आणि मला बरं वाटलं.
मग बरं वाटल्याची लाज वाटली,
ती अजून आहे.

गेल्या माघात तात्या गेले.
आईचा फोन: मातीला ये रे,
तुझ्यावर फार जीव होता त्यांचा.
गेलो.
खांदा दिला.
का दिला, ते विचारू नका, मीही विचारत नाही.
घाटावर कुणीतरी बोललं, देवमाणूस,
उभ्या जन्मात काटा मारला नाही.
ते खरंच होतं.
वजनात त्यांनी कुणाला फसवलं नाही.
कृष्णेला पाणी बेताचं, पलीकडे म्हशी बसलेल्या.
माझा उजवा खांदा आठवडाभर दुखत होता.

पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं.
तोंड मोकळं ठेवायचं, एक दिवस, दोन दिवस.
मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा.
विझला तर अजून नाही.
घाईनं उतरलेली माणसं वर आली नाहीत.
हेही मला त्यांनीच शिकवलं,
शेजारी उकिडवं बसवून.

परवा संध्याकाळी विनया कढी करत होती.
हळदीचा डबा उघडण्याआधी
तिनं खिडकी उघडली, नेहमीसारखी.
अकरा वर्षं उघडतेय.
मी कधी सांगितलं नव्हतं उघड म्हणून.
हे माझ्या परवा लक्षात आलं.
मी ओट्याशी जाऊन उभा राहिलो.
म्हणालो, मी नऊ वर्षांचा होतो.

तिनं गॅस बारीक केला.
मग बंदच केला.
सांग म्हणाली नाही. राहू दे, असंही नाही.
पळी हातात तशीच, थेंब फरशीवर.
खाली कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं,
लागत नव्हती.
पुढचं वाक्य आलं नाही मला.
ती तिथंच उभी.

कढी फुटली.
निहार म्हणाला, आज ही अशी का?
खा, म्हणाली ती,
आणि माझ्या ताटात वाढताना
आधी माझ्याकडे बघितलं, मग वाढली.