कळण्याची भाकरी

धुळ्याच्या स्टँडवर एकोणतीस वर्षं
ह्यांच्या आवाजावर गाड्या हलल्या.
'धुळ्याहून सुटणारी, पारोळा-एरंडोलमार्गे
जळगावला जाणारी गाडी, फलाट क्रमांक चार—'
एका दमात, गालात पान धरून.

आता गावं तेवढी उरलीत.
पारोळा. एरंडोल. जळगाव.
मधलं 'हून' गेलं, 'ला' गेलं,
'सुटणारी' सुटून गेली.
गाडी नुसती उभी, इंजिन चालू.

थेरपीच्या बाई चित्रं दाखवतात.
'मुलाने म्हशीला धुतलं.'
बोट बरोबर पडतं. म्हैस कोणाला धुणार?
'मुलाला मुलीने ढकललं.'
बोट हवेत राहतं.
मग माझ्याकडे बघतात,
पाटी वाचता न येणारा पॅसेंजर
शेजारच्याच्या तोंडाकडे बघतो, तसं.

बाई म्हणतात, डोकं शाबूत आहे,
वाक्याची बांधणी तेवढी सुटलीय.
मला व्याकरण चौथीपर्यंतचं.
घरी आपल्या बोलीत विचारते,
'काय दिऊ तुम्हले?'
त्यातला 'ले'सुद्धा वाटेत कुठंतरी उतरतो.

काल कळण्याची भाकरी केली, मिरचीचा ठेचा.
ह्यांनी डाव्या हाताने तुकडा मोडायचं बघितलं.
'तू... मी... भाकर.'
कोणी कोणाला?
लग्नातल्या घासासारखं मी आपलं तोंड उघडलं.

मान जोरात हलली. नाही, नाही.
स्वतःचंच तोंड उघडून बोट दाखवलं,
आणि हसत, अगदी स्वच्छ, म्हणाले:
'फलाट क्रमांक चार.'